रेंज नाही, की लॅपटॉपच पेंगतोय?

लाईट गेली, हॉटस्पॉट लावलं आणि ऐन फॉर्म भरताना नेट तुटलं की आपण टॉवरच्या नावानं बोटं मोडून मोकळे होतो. पण दर वेळी दोष टॉवरचाच असतो का? लॅपटॉपला चार ओळींत विचारून बघा. तो खरं काय ते सांगतो.

‘गावात रेंजच नाही ना!’

हे वाक्य एकदा बोललं की पुढं कुणी काही विचारत नाही. फॉर्म राहिला? रेंज नव्हती. ऑनलाइन लेक्चर बुडालं? रेंज नव्हती. मुलाखतीत आवाज तुटत होता? रेंज. आणि हे कारण खोटं असतं असंही नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कोकणातली एक विद्यार्थिनी डोंगरावर उभारलेल्या झोपडीत बसून ऑनलाइन तास करत होती, कारण रेंज तिथंच मिळायची. ती बातमी महाराष्ट्रभर गाजली होती. तेव्हा रेंजचा प्रश्न खरा आहे, त्यात वादच नाही.

पण या खऱ्या कारणाच्या आडोशाला आणखी एक कारण निवांत लपून बसतं. ते टॉवरवर नसतं, तुमच्या मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये असतं. लॅपटॉप बॅटरीवर आला की चार्ज वाचवायला लागतो, आणि त्यासाठी आपल्याच वायफाय कार्डाला मधेमधे डुलकी काढायला लावतो. आपण बघतो टॉवरकडं, आणि पेंगत असतं कार्ड.

लाईट जाते तेव्हा काय काय होतं?

समजा तुम्ही तलवाड्यात आहात. बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यातलं त्वरिता देवीचं तलवाडा. कॉलेज गेवराईला किंवा बीडला, घरात एक सेकंडहँड लॅपटॉप, आणि महाडीबीटीवरच्या स्कॉलरशिपच्या फॉर्मची शेवटची तारीख उद्या. संध्याकाळी सातला लाईट जाते.

त्या एका क्षणात तीन गोष्टी घडतात. पहिली, घरातला वायफायचा राउटर बंद पडतो आणि तुम्ही मोबाइलचं हॉटस्पॉट लावता. दुसरी, ज्यांचे ज्यांचे राउटर बंद पडले ते सगळे एकदमच मोबाइल डेटावर येतात, टॉवरवर गर्दी होते. तिसरी, लॅपटॉपचा चार्जर बंद होतो आणि विंडोज गुपचूप बॅटरीचे नियम लावते. पहिल्या दोन गोष्टी आपल्याला कळतात. तिसरी कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणजे ‘लाईट गेली की नेट जातं’ हे खरंच आहे, पण त्यात तीन कारणांची खिचडी आहे. त्यातलं टॉवरच्या गर्दीचं कारण तुमच्या हातात नाही. लॅपटॉपचं मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

आता दुसरी गंमत बघा. पुण्यात हॉस्टेलवर किंवा कॉटबेसिसवर राहणाऱ्या पोराचा लॅपटॉप बहुतेक वेळ चार्जरला लावलेलाच असतो. त्यामुळं त्याला हा प्रकार कधी दिसतच नाही. तोच लॅपटॉप दिवाळीत गावाकडं आणला, बॅटरीवर चालवला, नेट तुटायला लागलं, की निकाल तयार: ‘इथं राहून अभ्यास होणं शक्य नाही.’ लॅपटॉप तोच, सेटिंग तेच. बदललं ते फक्त चार्जरचं बटण. पण नाव गावाचं खराब होतं. रूमचं भाडं आणि मेसचे पैसे भरून शहरात राहायचं की घरी बसून तयारी करायची, इतका मोठा निर्णय कधीकधी अशा न तपासलेल्या गोष्टीवर उभा असतो.

सेकंदाला दहा दवंड्या

कार्डाची ही डुलकी समजून घ्यायची तर दवंडी आठवा. वायफायचं पहिलं मानक, ८०२.११, हे १९९७ सालचं. वीज वाचवायची सोय त्यात सुरुवातीपासूनच आहे. राउटर किंवा हॉटस्पॉटवाला मोबाइल सेकंदाला साधारण दहा वेळा एक छोटा संदेश सोडतो. त्याला बीकन म्हणतात. ही झाली दवंडी. तिच्यात एक यादीही असते: अमक्याचं टपाल आलंय, तमक्याचं आलंय. तुमचं वायफाय कार्ड राउटरला सांगून ठेवतं, ‘मी जरा पडतो, माझं टपाल राखून ठेव.’ मग ते फक्त दवंडीच्या वेळेला कान उघडतं. यादीत नाव असलं तर उठून टपाल घेतं, नसलं तर पुन्हा डोळे मिटतं.

पीडीएफ वाचताना याचा काही त्रास होत नाही. उलट बॅटरी वाचते. चांगलं कार्ड कामाची गडबड वाढली की आपोआप जागंही राहतं. घोळ होतो तो जुनं कार्ड, जुना ड्रायव्हर किंवा कार्डाचं आणि हॉटस्पॉटचं न जमणं यामुळं. एखादी दवंडी हुकते, टपाल उशिरा मिळतं. व्हिडिओ कॉलमध्ये आवाजाचे तुकडे सेकंदाला पन्नासेक तरी येत असतात. तिथं असा उशीर झाला की समोरच्याचं बोलणं रोबोटसारखं ऐकू येतं.

याच्या पुढची पायरी म्हणजे कार्ड पेंगत नाही, थेट बंदच केलं जातं. १९९६ च्या डिसेंबरमध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय नावाची नियमावली आणली. कॉम्प्युटरमधल्या कुठल्या भागाला कधी किती वीज द्यायची, हे ऑपरेटिंग सिस्टीमनं ठरवावं, असा तिचा गाभा. त्यात प्रत्येक भागाच्या अवस्था ठरल्या: डी-शून्य म्हणजे पूर्ण जागा, डी-तीन म्हणजे बंद. विंडोज तुमच्या वायफाय कार्डाला डी-तीनपर्यंत नेऊ शकते. तिथून परत आलं की कार्डाला पुन्हा जोडणी करावी लागते, आणि तेवढ्यात तुमचं लॉगिन उडालेलं असू शकतं.

हा बिघाड नाही, मुद्दाम ठेवलेली सोय आहे. बऱ्याच लॅपटॉपवर विंडोजच्या ‘बॅलन्स्ड’ प्लॅनमध्ये वायफायचं सेटिंग चार्जरवर ‘मॅक्झिमम परफॉर्मन्स’ आणि बॅटरीवर ‘मीडियम पॉवर सेव्हिंग’ असतं. म्हणजे चार्जरची पिन निघाली की सेटिंग बदललंच.

काळ्या खिडकीला का विचारायचं?

एमएस-सीआयटीनं २००१ पासून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या पोरांच्या हातात माउस दिला. कमांड टाइप करायची काळी खिडकी मात्र आपण सिनेमातल्या हॅकरसाठी सोडून दिली. खरं तर ती सगळ्यात सरळ बोलते. मेन्यूंची जागा विंडोजच्या दर आवृत्तीत बदलते. डिव्हाइस मॅनेजरमधला ‘पॉवर मॅनेजमेंट’चा टॅब कित्येक नव्या लॅपटॉपवर दिसतच नाही. कमांडचं उत्तर मात्र शब्दांत येतं. ते कॉपी करून मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवता येतं, आधीचं आणि नंतरचं शेजारी ठेवून ताडता येतं.

विंडोजचं बटण दाबा, सी-एम-डी ही तीन अक्षरं टाइप करा, आणि वर येणाऱ्या नावावर राईट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. कमांड इथं देवनागरीत छापल्या आहेत, टाइप करताना अक्षरं अर्थातच इंग्रजी. जिथं शब्द सलग छापलाय तिथं सलगच टाइप करायचा, जिथं जागा सोडलीय तिथं स्पेस द्यायची.

आधी ठरवा: तुटतंय कुठं?

‘आयपीकॉन्फिग’ टाइप करून एंटर मारा. वायफायच्या खाली ‘डिफॉल्ट गेटवे’ असा एक नंबर दिसेल. तो तुमच्या राउटरचा किंवा हॉटस्पॉटवाल्या मोबाइलचा पत्ता. आता टाइप करा: ‘पिंग -टी’, स्पेस, आणि तो नंबर. लॅपटॉप दर सेकंदाला मोबाइलला हाक मारत राहील आणि ओ यायला किती मिलिसेकंद लागले ते दाखवत राहील. थांबवायचं असेल तेव्हा कंट्रोल आणि सी.

आता दुसरी काळी खिडकी उघडा आणि तिच्यात बाहेरच्या जगाला हाक मारा: ‘पिंग -टी ८.८.८.८’. हा गूगलच्या सार्वजनिक सर्व्हरचा पत्ता आहे.

दोन्ही खिडक्या शेजारी ठेवा आणि बघा. मोबाइलची ओ लगेच येतेय पण बाहेरची येत नाहीये, तर खरंच रेंजचा किंवा गर्दीचा प्रश्न आहे. लॅपटॉपला दोष देऊ नका. पण मोबाइल शेजारी टेबलावर पडलाय आणि त्याचीच ओ कधी ३, कधी ३००, कधी ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ अशी येतेय, तर भानगड त्या टेबलावरच आहे. टॉवरचा काही संबंध नाही.

मग खरी परीक्षा घ्या. लाईट असताना हीच हाक चार्जर लावून दोन मिनिटं चालू ठेवा. चार्जरची पिन काढा, पुन्हा दोन मिनिटं बघा. पिन काढल्यावर आकडे उड्या मारायला लागले, तर चोर सापडला.

मग विचारा: झोपायला कुणी सांगितलं?

पहिला प्रश्न: ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’. यात ‘डब्ल्यूलॅन’ म्हणजे डब्ल्यू-एल-ए-एन. ही कमांड गेल्या तीन दिवसांतला वायफायचा पूर्ण इतिहास काढून एका पानात मांडते आणि ते पान कुठं ठेवलंय हे खाली सांगते. ब्राउझरमध्ये उघडा. कधी जोडलं, कधी तुटलं, तुटण्याचं कारण काय, सगळं वेळेसकट मिळतं. तक्त्यात लाल गोलात फुली दिसली की तिथं काहीतरी चुकलं होतं. लाईट गेल्याच्या वेळा आठवून शेजारी लिहा. जुळतात का बघा.

दुसरा प्रश्न: ‘पॉवरसीएफजी /क्यू’. इथं क्यू म्हणजे नुसतं एक अक्षर, आणि पॉवरला चिकटून सी-एफ-जी. ही वीज वाचवण्याचं सगळं वेळापत्रक ओकते. ते इतकं लांब असतं की डोळे फिरतात. म्हणून पुढं उभी रेघ देऊन ‘क्लिप’ लिहा: ‘पॉवरसीएफजी /क्यू | क्लिप’. स्क्रीनवर काहीच दिसणार नाही, घाबरू नका, सगळं कॉपी झालंय. नोटपॅडमध्ये पेस्ट करा आणि ‘वायरलेस ॲडाप्टर सेटिंग्ज’ शोधा. त्याच्याखाली दोन ओळी असतात. ‘एसी’ची ओळ चार्जरवर असतानाची, ‘डीसी’ची ओळ बॅटरीवरची. ओळीतला शेवटचा आकडा ० असेल तर कार्ड पूर्ण जागं, १ म्हणजे थोडी डुलकी, २ म्हणजे मध्यम, ३ म्हणजे गाढ. एसीला ० आणि डीसीला २ दिसलं, तर वर सांगितलेली गोष्ट तुमच्याच लॅपटॉपची आहे. काही नव्या लॅपटॉपवर हा विभाग नसतोच. तिथं पुढचा प्रश्न विचारा.

तिसरा प्रश्न पॉवरशेलला विचारायचा. विंडोजच्या बटणावर राईट क्लिक करून ॲडमिनवालं पॉवरशेल किंवा टर्मिनल उघडा आणि लिहा: ‘गेट-नेटॲडाप्टरपॉवरमॅनेजमेंट’. गेटनंतर आडवी रेघ, बाकी सगळं सलग. प्रत्येक नेटवर्क कार्डाची माहिती एकाखाली एक येते. त्यात ‘अलाऊ कॉम्प्युटर टू टर्न ऑफ डिव्हाइस’ ही ओळ बघा. तिच्यासमोर ‘एनेबल्ड’ असेल तर विंडोजला कार्ड बंद करायची मुभा आहे. ‘डिसेबल्ड’ असेल तर नाही. ‘अनसपोर्टेड’ म्हणजे त्या कार्डाला हा प्रश्नच लागू नाही.

इथपर्यंत आपण फक्त बघितलंय, काहीही बदललेलं नाही. म्हणून या सगळ्या कमांड बिनधास्त चालवा.

बदलायचं कसं आणि किती?

बघायला कमांड वापरल्या तरी बदलायला माउस चालतो. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथं ‘चेंज प्लॅन सेटिंग्ज’, मग ‘ॲडव्हान्स्ड’. त्यात वायरलेस ॲडाप्टरचं ‘ऑन बॅटरी’ सेटिंग ‘मॅक्झिमम परफॉर्मन्स’ करा. दुसरं सेटिंग डिव्हाइस मॅनेजरमध्ये: वायफाय कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’चा टॅब असेल, तर वीज वाचवायला डिव्हाइस बंद करू द्यायची टिक काढा. एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा पिंग लावून बघा. दोन्ही एकदम बदलले तर गुण कशाचा आला हे कळणार नाही.

पण लक्षात घ्या, ही डुलकी उगाच दिलेली नाही. कार्ड सतत जागं ठेवलं तर बॅटरी लवकर उतरते. आणि लाईट कधी येईल याचा भरवसा नसलेल्या घरात बॅटरी म्हणजेच वेळ. त्यामुळं फॉर्म, परीक्षा, मुलाखत असेल तेवढ्यापुरतं कार्ड जागं ठेवा. नोट्स वाचायच्या असतील तर झोपू द्या बिचाऱ्याला.

बॅगेत तापलेला लॅपटॉप

याच्या उलटा प्रकारही होतो. रात्री झाकण लावून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप सकाळी कॉलेजात काढला तर गरम, आणि चार्ज गायब. इथं कार्ड झोपलं नाही, उलट त्यानंच लॅपटॉपला उठवलं, असंही असू शकतं. नेटवर्कवरून कॉम्प्युटर जागा करायची सोय जुनी आहे. तिला वेक-ऑन-लॅन म्हणतात. त्यासाठी ‘मॅजिक पॅकेट’ नावाचा १०२ बाइटचा मजकूर पुरतो: सुरुवातीला ठरलेले ६ बाइट आणि मग त्या कार्डाचा पत्ता १६ वेळा. कॉलेजच्या लॅबमधले सगळे पीसी एका जागेवरून चालू करायचे असतील तर ही सोय फार कामाची. तुमच्या बॅगेत तिचा काही उपयोग नाही.

‘पॉवरसीएफजी /लास्टवेक’ विचारलं की शेवटचं कुणी उठवलं ते कळतं. ‘पॉवरसीएफजी /डिव्हाइसक्वेरी वेक_आर्म्ड’ विचारलं की उठवायचा परवाना कुणाकुणाकडं आहे, त्यांची यादी येते. कीबोर्ड-माउस असणारच. नेटवर्क कार्ड दिसलं आणि तुम्हाला त्याची गरज नसेल तर परवाना काढून घ्या: ‘पॉवरसीएफजी /डिव्हाइसडिसेबलवेक’, स्पेस, आणि यादीतलं नाव जसंच्या तसं, दुहेरी अवतरणात. परत द्यायचा असेल तर ‘डिसेबल’च्या जागी ‘एनेबल’.

लिनक्सवाल्यांसाठी

जुन्या लॅपटॉपवर बरेच जण उबुंटू टाकतात. तिथंही हीच कथा. आधी ‘आयडब्ल्यू डेव्ह’ लिहून कार्डाचं नाव बघा. मग ‘आयडब्ल्यू डेव्ह’, स्पेस, ते नाव, स्पेस, ‘गेट पॉवर_सेव्ह’. उत्तर एका ओळीत: ऑन किंवा ऑफ. बदलायचं तर सुरुवातीला ‘सुडो’ लावा, ‘गेट’च्या जागी ‘सेट’ लिहा आणि शेवटी ‘ऑफ’. रीस्टार्ट केल्यावर हे सेटिंग परत मूळपदावर येऊ शकतं. प्रयोगाला तेच बरं.

चौकट: हाताशी ठेवा

- तुटतंय कुठं: पिंग -टी, पुढं गेटवेचा नंबर
- तीन दिवसांचा इतिहास: नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट
- बॅटरीवरचं सेटिंग: पॉवरसीएफजी /क्यू | क्लिप
- कार्ड बंद करायची मुभा: गेट-नेटॲडाप्टरपॉवरमॅनेजमेंट
- कुणी उठवलं: पॉवरसीएफजी /लास्टवेक
- सेकंडहँड लॅपटॉप घेताना: पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट. यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ हे दोन आकडे ताडून बघा. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर भाव पाडून मागा.
- कॉलेजच्या लॅबमधल्या पीसीवर प्रयोग नको, आणि अर्थ न कळता कुठलीही कमांड पेस्ट करायची नाही. ‘शो’, ‘गेट’, ‘क्वेरी’ म्हणजे बघणं. ‘सेट’, ‘डिसेबल’ म्हणजे बदलणं. एवढा फरक कळला तरी पुष्कळ.

शेवटचे दहा फूट

गावागावांत इंटरनेट पोचवायची सरकारी योजना २०११ ची. पुढं तिचं नाव भारतनेट झालं. ग्रामपंचायतीपर्यंत ऑप्टिकल फायबर न्यायची, हा तिचा उद्देश. फायबर पंचायतीपर्यंत येईल, टॉवरही वाढतील. पण मोबाइल ते लॅपटॉप हे शेवटचे दहा फूट कुठल्याच योजनेत येत नाहीत. ते तुमचे तुम्हालाच बघावे लागणार.

आणि समजा सगळं तपासलं, लॅपटॉप निर्दोष निघाला, बाहेरची हाकच पोचत नाहीये असं दिसलं, तरी मेहनत वाया गेली नाही. आता कंपनीकडं तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगायची वेळ येणार नाही. कुठल्या तारखेला, किती वाजता, मोबाइलची ओ ३ मिलिसेकंदांत आणि बाहेरची आलीच नाही, हे स्क्रीनशॉटसकट सांगता येईल. ‘तुमच्याच लॅपटॉपमध्ये प्रॉब्लेम असेल’ असं म्हणून समोरच्याला फोन ठेवता येणार नाही, कारण त्याचं उत्तर तुम्ही आधीच काढून ठेवलेलं असेल.

फॉर्मच्या शेवटच्या तारखेची वाट बघू नका. आज लाईट असतानाच एकदा चार्जरची पिन काढून बघा.